ओळ तुटली तरी चालेल

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. वडील मिठागरावर कामाला होते, चौथीपर्यंत शिकलेले. आई शाळेत गेलीच नाही. पदवीदानाच्या दिवशीचा, काळा झगा घातलेला माझा फोटो आईने हॉलमध्ये फ्रिजच्या वर टांगलाय. गणपतीत घरी येणाऱ्या प्रत्येकाला आरती झाली की आधी तो फोटो दाखवला जातो, मग प्रसाद मिळतो. सुरुवातीला मला अवघडल्यासारखं व्हायचं. आता मीच फोटोखाली जाऊन उभी राहते.

आई धवलारीण आहे. पनवेलच्या नव्या सोसायट्यांत राहायला आलेल्या लोकांना हे समजावून सांगावं लागतं. आमच्या आगरी लग्नात विधी होतात ते तिच्या गाण्याने. देवांना आवतण, मांडव, हळद, प्रत्येकाचं गाणं वेगळं. ही सगळी गाणी, म्हणजे धवले, आईच्या डोक्यात आहेत, कागदाचा कपटा नाही. शिरढोणपासून चिरनेरपर्यंत तिला बोलावणं असतं, न्यायला गाडी येते. ती पुढे ओळ म्हणते, मागच्या दोघीतिघी ती उचलतात. तिच्या मावशीने तिला हे शिकवलं आणि शिकवताना एकच नियम घालून दिला: मांडवात ओळ तुटू द्यायची नाही. मागची कुणी अडखळली तर तिचा शब्द आपण म्हणायचा, पण गाणं मध्येच उभं राहता कामा नये. ते चांगलं समजत नाहीत. आईच्या धवल्यात ओळ तुटलेली मी तरी ऐकलेली नाही. हा नियम लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ त्यानेच घातला.

माझं काम म्हणजे लहान मुलांना फोनिक्स शिकवणं. पनवेलमध्ये आता गल्लोगल्ली फोनिक्सचे बोर्ड आहेत, पण मी सुरू केलं तेव्हा लोक विचारायचे, हा नाचाचा क्लास आहे का? मी मराठी शाळेतली. कॉलेजात इंग्रजीची उत्तरं आख्खी पाठ करून लिहायचे, पण अनोळखी शब्द समोर आला की गाडी अडली. पदवीनंतर एका बालवाडीत नोकरी लागली आणि तिथल्या मोठ्या बाईंनी मला फोनिक्सच्या ट्रेनिंगला पाठवलं. तिथे पहिल्यांदा कळलं की अक्षराला नाव असतं तसा आवाजही असतो, आणि वाचताना कामाला येतो तो आवाज. एस हे नाव झालं. त्याचा आवाज सापासारखा, स्स्. टी हे नाव, आवाज नुसता ट्, जीभ टाळूला लावून सोडली की झालं. असे आवाज एकापुढे एक ठेवून जोडत गेलं की शब्द तोंडातून आपोआप बाहेर पडतो. ट्रेनिंगवाल्या बाईंनी मला फळ्यावरचा एक लांबलचक शब्द वाचायला लावला. मी तो आयुष्यात पाहिला नव्हता. एकेक आवाज काढत, जोडत गेले आणि तो आला. पदवीच्या निकालाला मला झाला नव्हता एवढा आनंद त्या शब्दाने दिला.

लग्नानंतर मी पनवेलात राहायला आले आणि घरच्या हॉलमध्येच क्लास काढला. सोफा भिंतीला, मध्ये सतरंजी, भिंतीवर अक्षरांचे तक्ते. आमच्याकडच्या मुलांची एक अडचण पुस्तकात लिहिलेली नसते, ती मी शिकवता शिकवता शिकले. मराठी बोलणारं मूल प्रत्येक आवाजाच्या शेवटी 'अ' लावतं. ट् म्हण म्हटलं की 'ट' म्हणतं. मग क, अॅ, ट जोडायला गेलं की मांजराऐवजी काहीतरी भलतंच तयार होतं. मी त्यांना सांगते, आवाजाचा पाय मोडा. मुलं हाताने काडी मोडल्यासारखं करतात आणि ट् म्हणतात. ही युक्ती माझी स्वतःची आहे. आता दुसऱ्या दोन बायका त्यांच्या क्लासमध्ये ती वापरतात आणि मला त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

तर एका वर्षी माझ्या भावाच्या मुलीच्या शाळेतून निरोप आला. भाची तेव्हा सीनियर केजीत होती. भाऊ आईसोबत गावातल्या घरीच राहतो, त्याच्या गाड्या द्रोणागिरीच्या गोदामांकडे लागलेल्या असतात. वर्गशिक्षिकेने त्याला आणि वहिनीला बोलावून सांगितलं होतं की मुलगी हुशार आहे, पण तिला वाचता येत नाही, त्यामुळे हे वर्ष परत करावं. एप्रिलमध्ये मुख्याध्यापिका स्वतः एकदा ऐकतील आणि मग ठरवतील.

भाऊ भाचीला घेऊन तापलेलाच माझ्याकडे आला. म्हणाला, शाळाच बेकार हाय, पोरगी आख्खं पुस्तक घडाघडा वाचते, तू येऊन बघ. पण भाची मला काय म्हणाली ते मला जास्त लागलं. चप्पल काढायच्या आधीच तिने विचारलं, "आत्या, सगले पयलीत जानार, मी एकटीच मागं?" शेजारची तिची चुलत बहीण तिच्याच वर्गात. दोघी एका व्हॅनमध्ये जातात, एका डब्यातलं खातात.

रविवारी मी गावच्या घरी गेले. भाची पुस्तक घेऊन बसली आणि खरंच घडाघडा म्हणत गेली. सॅमकडे लाल हॅट आहे, हॅट मॅटवर आहे, मॅटवर मांजर आहे, असं ते पुस्तक. भाऊ माझ्याकडे बघत होता, बघ म्हणून. मी हळूच दोन पानं एकदम उलटली. भाचीने चित्रावरून नजरही न हलवता मधल्या पानावरची ओळ म्हटली. मग मी पुस्तक मिटलंच. ती क्षणभर थांबली. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सुका जवळा निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "द कॅट इज ऑन द मॅट."

शाळेची पायरी न चढलेली माझी आई इंग्रजी पुस्तकातली पुढची ओळ सांगत होती.

"तुला कसं येतं गं हे?"

"कसा म्हंजे? तुजी वयनी तिला वाचून दावतं, मी आयकते. आख्खा येतं मना. सांगू?"

आणि तिने सांगितलंही, पहिल्या पानापासून, धवल्याच्याच ठेक्यात, शेवटचा शब्द जरा लांबवत. भाऊ हसून लोटपोट झाला. मीही हसले, पण हसता हसता मला सगळं समजलं. रोज संध्याकाळी नात पुस्तक घेऊन आजीपुढे बसायची. एखाद्या शब्दाशी अडखळली रे अडखळली की आजी तो शब्द पुरवायची. ओळ तुटायची नाही. मग पोरीने अक्षराकडे बघायचं कशाला? आजीच्या आवाजावर कान ठेवला की झालं. आमच्या घरातच असं होऊ शकतं. दुसऱ्या घरातल्या आजीला दोन पानांतच कंटाळा आला असता.

मी भावाला सांगितलं, हिला वाचता येत नाही, पाठ येतं. तो नाराज झाला. त्याच्या मते दोन्ही एकच. मग मी पाठीमागच्या कॅलेंडरवरचा एक छोटासा इंग्रजी शब्द भाचीला दाखवला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे पाहिलं. आजीने तो शब्द ऐकलेला नव्हता, त्यामुळे दोघीही गप्प. भावाने मला क्लासची वेळ विचारली. दुसऱ्या दिवसापासून पोरगी माझ्या क्लासला यायला लागली.

क्लासमध्ये ती छान चालायला लागली. आवाज पटापट शिकली, काड्या मोडायला तर तिला फार आवडायचं. तीन आवाजांचे शब्द जोडायला लागली. मी खूश. मी तिला सरावासाठी एक नवं, बारीकसं पुस्तक घरी दिलं आणि दोन दिवसांनी ती ते माझ्यासमोर घडाघडा म्हणून दाखवायला लागली. नजर माझ्या पायाच्या अंगठ्यावर. मी डोक्याला हात लावला. आजीने तेही पुस्तक वहिनीकडून ऐकून पाठ केलं होतं.

मी तडक गावाला गेले आणि आईला म्हटलं, तिला शब्द सांगू नकोस. आईला ते लागलं. तिला वाटलं, मी शिकलेली म्हणून तिच्या इंग्रजीला नावं ठेवतेय.

"मना लिवाला येत नाय म्हून बोलतेस ना?"

"नाही गं. तू बरोबरच सांगतेस. म्हणूनच तर पंचाईत."

"मंग पोर थांबली तं तिचे तोंडाकरं बगत बसू? मांडवान असा कुनी थांबला तं लोका हसतान."

"आई, हा मांडव नाही. इथे ती थांबली ना, की समज तिचं काम चाललंय. ती आवाज जोडतेय. तू बोललीस की तिचं काम तू करतेस."

आईने पुढ्यातल्या जवळ्यातले दोन खडे काढून बाजूला टाकले. मग म्हणाली की बरं, नाही बोलणार. पण बोलायचं नाही असं ठरवून आईला गप्प बसता येत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी त्याच संध्याकाळी बसून बघितलं. भाची पुस्तक घेऊन बसली, एका शब्दाशी थांबली, आईने ओठ मिटले, पदर नीट केला, उजवा गुडघा हलवला, आणि शब्द तोंडातून निसटलाच. निसटल्यावर तिने स्वतःच कपाळावर हात मारला. तीस-चाळीस वर्षांची सवय, ती एका संध्याकाळात कशी सुटणार?

शेवटी उपाय सुचला तो असा की मला अजून सांगायला हसू येतं. आई मिश्री लावते. तंबाखूची ती काळी पूड दाताला लावून बसली की निदान पंधरा-वीस मिनिटं तिला तोंड उघडता येत नाही, उघडलं तर सगळं हनुवटीवर येतं. त्या मिश्रीवरून मी तिच्याशी आयुष्यभर भांडलेय. कॉलेजात असताना डबी विहिरीत टाकली होती मी. आणि आता मीच तिला म्हटलं, पोरगी वाचायला बसली की तू मिश्री लाव.

आई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, एवढी शिकली आणि शेवटी इथंच आली. सगळं घर हसलं. पण तिने ऐकलं. रोज संध्याकाळी ओटीवर भाची पुस्तक उघडायची आणि समोर आजी डबी उघडायची. पोरगी थांबली की आजी हूं करायची, बोट वर करून दाखवायची की चालू दे, पण शब्द नाही. सुरुवातीला भाची चिडली. आजी सांगत नाही म्हणून रडली, पुस्तक फेकलं. वहिनी मला फोन करून सांगायची. मी म्हणायचे, रडू दे, पण सांगू नका. वहिनीला वाटलं असणार, ही कसली आत्या.

मग एक दिवस भाचीने क्लासमध्ये एक शब्द जोडला, जो मी शिकवलाच नव्हता. माझ्या ओट्यावरच्या डब्यावरचा होता, पाणी प्यायला आत आली तेव्हा तिला दिसला. तिथेच उभी राहून, ग्लास हातात धरून, तिने एकेक आवाज काढला आणि म्हणाली, "आत्या, हा टिन हाय?" डब्यावर टिन लिहिलं होतं, आणि डबा टिनचाच होता. मी तिला तिथेच उचलून घेतली. क्लासची बाकीची मुलं दारात येऊन बघायला लागली की टीचरना काय झालं.

आईचंही एक होत होतं. तोंड बंद असल्यामुळे ती आता कान देऊन ऐकत होती. भाची आवाज काढायची आणि आईला शब्द तिच्या आधी कळायचा. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण क्, अॅ, ट् कानावर पडले की तिच्या डोक्यात ते जुळायचे. ती मला सांगायची की मिश्री थुंकावीशी वाटते, इतका शब्द ओठांवर येतो. मी म्हणायचे, गिळ. ती म्हणायची, मिश्री गिळू? असं आमचं चालायचं.

एप्रिलमध्ये शाळेतून दिवस ठरला. वहिनीला ताप होता म्हणून मी आणि भाऊ जाणार होतो. आई सकाळीच ठेवणीतलं लुगडं नेसून, नथ घालून तयार. कुणी तिला चल म्हटलं नव्हतं. भाऊ म्हणाला, तुझं काय काम तिथं? ती गाडीत जाऊन बसली. वाटेत मी तिला म्हटलं, शाळेत मिश्री चालणार नाही. ती म्हणाली, माहीत हाय.

मुख्याध्यापिकांचं ऑफिस गार होतं. आम्ही तिघं भिंतीकडच्या खुर्च्यांवर, भाची टेबलासमोर उंच खुर्चीत, पाय हवेत. मॅडमनी कपाटातून एक पुस्तक काढलं. भाचीने कधी पाहिलेलं नव्हतं, मीही नाही. त्यांनी पान उघडलं आणि चित्रावर आपला हात ठेवला. बरोबर केलं त्यांनी. मीही तेच केलं असतं. पण भावाने माझ्याकडे असं बघितलं की जणू चित्र झाकणं हा अन्याय आहे.

भाचीने 'द' वाचला. पुढच्या शब्दाला थांबली.

ती खूप वेळ थांबली, किंवा मला तसं वाटलं. पंख्याचा आवाज येत होता. भाऊ मांडी हलवत होता. मॅडमची पेन्सिल कागदावर टेकलेली होती. भाचीने खुर्चीत वळून आजीकडे पाहिलं, जशी ती त्या रविवारी कॅलेंडरपुढे बघत होती. आई सरळ बसली होती. भाचीने परत पानाकडे मान वळवली आणि तोंडातल्या तोंडात सुरू केलं. क्. मग र्. टेबलाखाली तिची बोटं काडी मोडत होती, ते मला दिसत होतं. अॅ. ब्. परत पहिल्यापासून.

आईला कळलं. मी तिच्या शेजारीच होते, तिचा श्वास आत गेलेला मला ऐकू आला. शब्द तिच्या ओठांवर होता. तोंडात मिश्री नव्हती. तिने पदराचा बोळा केला, तोंडावर दाबला आणि डोळे मिटून घेतले. आख्खं आयुष्य जिने मांडवात ओळ तुटू दिली नाही, ती त्या खोलीत ओळ तुटलेली ऐकत बसली. माझा हात तिच्या गुडघ्यावर होता. तो गुडघा हलत नव्हता.

"क्रॅब," भाची म्हणाली.

मॅडमनी मान हलवली. पण भाची तेवढ्यावर थांबली नाही. ती पूर्ण वळली आणि आनंदाने म्हणाली, "आजी, चिंबोरी. चिंबोरी हाय."

मॅडमनी हात उचलला. खाली वाळूत बसलेला लाल खेकडा होता. त्या हसल्या, म्हणाल्या, आता बाकीची ओळ वाच. द क्रॅब इज इन द सँड. सावकाश, बोट ठेवून, दोनदा अडखळत वाचली. त्या संथ, तुटक ओळीसाठी मी किती राबले होते ते मलाच ठाऊक. घडाघडा वाचणारी मुलं मी खूप पाहिलीत. त्या दिवशीच्या अडखळण्याइतकं सुंदर वाचन मी अजून ऐकलेलं नाही, आणि हे मी शिक्षिका म्हणून सांगतेय, आत्या म्हणून नाही. बरं, आत्या म्हणूनही.

मॅडमनी अजून दोन पानं वाचून घेतली. मग म्हणाल्या की वेग येईल, पाया झालाय, जाऊ दे पहिलीत. त्यांनी विचारलं, घरी कोण घेतं हिचं? भावाने माझ्याकडे बोट दाखवलं. मी आईकडे दाखवलं. आईच्या पदरावर दातांचे ठसे उमटले होते. ती म्हणाली, "मी नुसती गप बसते." मॅडमना ते विनयाचं बोलणं वाटलं असावं. तसं ते नव्हतं. ती तक्रार करत होती.

घरी निघालो. भाची मागे आजीच्या मांडीला टेकून, काचेला नाक लावून. आता तिला सगळंच वाचायचं होतं. ठाणा नाक्याजवळ गाडी हळू झाली तशी तिची नजर एका डेअरीच्या पाटीवर गेली. म्, तिने सुरू केलं. इ. भाऊ आनंदात होता, त्याने आरशातून बघत शब्द सांगायला तोंड उघडलं, आणि मागून आईचा हात त्याच्या खांद्यावर बसला.

"गप. तिचा हाय तो शब्द."

सिग्नल सुटला. गाडी पुढे सरकली, पाटी मागे जायला लागली, भाची मान वळवून वळवून बघत होती.

"बाला, गारी थांबव," आई म्हणाली.

"आये, मागं रांग लागलीय."

"थांबव बोल्ली ना."

भावाने गाडी कडेला घेतली. मागचे हॉर्न वाजवत होते, एक रिक्षावाला शेजारून जाताना काहीतरी बोलून गेला. आईने तिकडे बघितलंही नाही. ती हात मांडीवर ठेवून शांत बसली होती. भाची पुन्हा पहिल्या आवाजापासून सुरू झाली, आणि आम्ही सगळे थांबलो.